सर्किट तेच, ट्रान्झिस्टर दुसरा आणि आवाज फाटका

प्रश्न थोडक्यात असा आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीवर बीसी५४७ ट्रान्झिस्टर लावून माइकचा प्रीअँप (बारीक सिग्नल वाढवणारा पहिला टप्पा) केला. एमिटर थेट ग्राउंडला, कलेक्टरला २.२ के (किलोओहम), आणि बेसला प्लसवरून १ मेगचा (मेगओहमचा) एकच रेझिस्टर. पहिला ट्रान्झिस्टर मस्त चालला. त्याचा पाय तुटला म्हणून दुसऱ्या पाकिटातला लावला, तर आवाज बारीक आणि फाटका. तिसराही तसाच. वैतागून दोन बॅटऱ्या लावून ७४१ या ऑप-अँप आयसीवर तेच केलं, तर चालू केल्यावर सात-आठ सेकंद स्वच्छ आवाज, मग फाटतो आणि गप्प. प्लस इनपुटचा पाय स्क्रू-ड्रायव्हरने क्षणभर ग्राउंडला टेकवला की पुन्हा सात-आठ सेकंद. ट्रान्झिस्टर डुप्लिकेट निघाले का, आयसी गेली का?

दोन्ही नाही. माल बहुतेक चांगलाच आहे. दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे: सिग्नल नसताना सर्किटने कुठं स्वस्थ बसायचं, हे तुम्ही ठरवलेलं नाही. पहिल्या सर्किटमध्ये ते ट्रान्झिस्टरच्या मर्जीवर सोडलंत, दुसऱ्यात तर कुणावरच नाही. यालाच पुस्तकात कार्यबिंदू म्हणतात. आम्ही बेंचवर ‘बायस’ म्हणतो. मीही इथं तेच म्हणेन.

आधी तुमचाच हिशेब करू. बेसचा करंट म्हणजे ९ वजा ०.७, भागिले १ मेग. ८.३ मायक्रोअँप. हा आकडा पक्का आहे, ट्रान्झिस्टर कुठलाही लावा. पण कलेक्टर करंट म्हणजे हा आकडा गुणिले बीटा (ट्रान्झिस्टर बेसचा करंट किती पट करतो तो आकडा), आणि गडबड तिथंच आहे. बीसी५४७ च्या डेटाशीटमध्ये बीटा ११० ते ८०० असा दिलेला असतो. ए गटाचा ११० ते २२०, बी चा २०० ते ४५०, सी चा ४२० ते ८००. तुमचा पहिला ट्रान्झिस्टर २५० च्या आसपासचा असणार. ८.३ गुणिले २५०, म्हणजे सुमारे २.१ मिलीअँप. २.२ के वर ४.६ व्होल्ट पडले, कलेक्टरला ४.४ उरले. नशिबाने अगदी मधोमध. दुसऱ्या पाकिटावर ५४७ च्या पुढं ‘सी’ आहे का बघा. बीटा ५२० धरला तर कलेक्टर करंट ४.३ मिलीअँप व्हायला हवा, म्हणजे २.२ के वर साडेनऊ व्होल्ट पडायला हवेत. बॅटरीच नऊची! मग ट्रान्झिस्टर सॅच्युरेट होतो, म्हणजे पूर्ण उघडतो, आणि कलेक्टर ०.१-०.२ व्होल्टवर चिकटून बसतो. सिग्नलने खाली जायला जागाच नाही, वर जातो तो ओढूनताणून. आवाज फाटणारच.

म्हणजे दुसरा ट्रान्झिस्टर वाईट नव्हता, जास्त चांगला होता.

आता एक खात्री करून घ्या. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि काळी पिन ग्राउंडला. माइक काढून टाका, बायस बघताना सिग्नल नको. लाल पिन कलेक्टरला. ०.२ च्या आसपास दिसलं तर वरचं सगळं लागू आहे. ते १ मेगच्या दोन टोकांवर मीटर लावून किती व्होल्ट पडतात ते बघायच्या फंदात मात्र पडू नका. तो पिवळा स्वस्त मीटर, ८३० वाला, त्याचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स १ मेग आहे. तो १ मेगला समांतर लागला की ५०० के झाले, बेस करंट दुप्पट झाला. तुम्ही सर्किट मोजत नसता, बदलत असता. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाने हे एकदा केलेलं आहे, आणि प्रत्येकाने आधी मीटरलाच शिव्या दिल्या आहेत.

या एका रेझिस्टरच्या पद्धतीला फिक्स्ड बायस म्हणतात. रिले ओढायचा असेल, एलईडी चालू-बंद करायचा असेल तर ठीक. तिथं ट्रान्झिस्टर सॅच्युरेट व्हावा हीच इच्छा असते. अँप्लिफायरला ती वापरू नये. कुणी म्हणतं, एचएफई (म्हणजे बीटाच) मोजून ट्रान्झिस्टर निवडा. मीटरच्या त्या गोल सॉकेटमध्ये आज ३०० आलेला ट्रान्झिस्टर तापल्यावर ३०० राहत नाही. शिवाय उद्या दुरुस्ती करणाऱ्याला तुमच्या निवडीची काय कल्पना?

जवळजवळ फुकटात होणारी सुधारणा सांगतो. तो बेसचा रेझिस्टर प्लसवरून काढा आणि कलेक्टरवर जोडा. किंमत ४७० के करा. आता कलेक्टर करंट वाढायला लागला की कलेक्टरचं व्होल्टेज उतरतं, ते उतरलं की बेसला मिळणारा करंट कमी होतो, आणि वाढ आपोआप आवरली जाते. सर्किट स्वतःचं स्वतःच लगाम खेचतं. आकडे बघा: बीटा २५० ला कलेक्टर ४.५ व्होल्टवर, ५२० ला ३.१ वर, आणि ११० चा मरतुकडा लावला तरी ६.२ वर. तिन्ही ठिकाणी आवाज चालेल. खेळणी, इंटरकॉम, छोटे एफएम ट्रान्समीटर यांच्यात हीच जोडणी सर्रास दिसते, आणि माझ्या मते माइकच्या कामाला ती वाईट नाही. आज रात्रीच आवाज हवा असेल तर एवढं करून झोपा.

पण नीट करायचं असेल तर चार रेझिस्टरची जोडणी. बेसला दोन रेझिस्टरचा डिव्हायडर, एक एमिटरला, एक कलेक्टरला. ही पुस्तकात सगळ्यांनी पाहिलेली असते, पण आकडे कुठून सुरू करायचे ते बहुतेकांना सांगितलेलं नसतं. सूत्रांच्या पानावरून सुरुवात केली की माणूस गोंधळतो. मी एमिटरपासून सुरू करतो.

एमिटरला १ व्होल्ट द्यायचा, हे आधी ठरवायचं. का, ते पुढं येतं. करंट १ मिलीअँप पुरे. माइकच्या कामाला यापेक्षा जास्त म्हणजे बॅटरी खाणं. मग एमिटर रेझिस्टर १ के. बेसला त्यापेक्षा ०.६५ वर, म्हणजे १.६५ व्होल्ट हवेत. आता कलेक्टर. तो वर ९ पर्यंत जाऊ शकतो. खाली एमिटरच्या १ व्होल्टच्या थोडं वर, १.३ पर्यंत. या दोघांच्या मधोमध म्हणजे सुमारे ५.१. बॅटरीच्या निम्मं म्हणजे ४.५ नव्हे! ‘कलेक्टरला निम्मे व्होल्ट’ हे वाक्य पाठ केलेलं असतं, पण जी जागा खरंच मोकळी आहे तिचा मध्य काढायचा असतो. ९ वजा ५.१ म्हणजे ३.९ व्होल्ट कलेक्टर रेझिस्टरवर, १ मिलीअँपला. ३.९ के, बाजारात मिळणारी किंमत.

उरला डिव्हायडर. बीटा सगळ्यात वाईट ११० धरला तर बेसला ९ मायक्रोअँप लागतात. डिव्हायडरमधून त्याच्या दहापट, १०० मायक्रोअँप वाहू दिले की बेसने थोडं घेतलं काय, जास्त घेतलं काय, मधल्या टोकाला जाणवत नाही. खालचा १५ के, वरचा ६८ के. झालं.

आता याच सर्किटमध्ये वेगवेगळे ट्रान्झिस्टर घालून मी हिशेब मांडतो. बीटा ११० असताना करंट ०.८७ मिलीअँप, कलेक्टर ५.६ व्होल्ट. २५० असताना ०.९३. ५२० असताना ०.९५. ८०० चा घातला तर ०.९६, कलेक्टर ५.२५. बीटा सातपट बदलला आणि कलेक्टर फार तर ०.३५ व्होल्ट हलला. फिक्स्ड बायसमध्ये दुपटीला सर्किट मेलं होतं. डेटाशीटमधला तो बीटाचा पसारा इथं कुणाच्या लेखीच नाही. करंट ठरवतात ते १ के, १५ के आणि ६८ के. रेझिस्टर पाच टक्क्यांत मिळतात. ट्रान्झिस्टर तसा मिळत नाही.

मग एमिटरला १ व्होल्टच का, ०.१ का नाही? उष्णतेमुळे. सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलीव्होल्टने उतरतं. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात ६० अंश सहज होतात. २५ अंशावर जुळवलेल्या सर्किटमध्ये ३५ अंशांची वाढ, म्हणजे ७० मिलीव्होल्टचा फरक. बेस डिव्हायडरने धरून ठेवलेला आहे, त्यामुळे ते ७० मिलीव्होल्ट एमिटरच्या पदरात पडतात. तिथं १ व्होल्ट असेल तर करंट सात टक्के वाढला, कुणाला कळणारही नाही. तिथं ०.१ व्होल्ट असता तर सत्तर टक्के. आणि एमिटर रेझिस्टर नसताच, बेसला डिव्हायडरने थेट ०.६५ व्होल्ट दिले असते तर? त्या जंक्शनचा स्वभाव असा की ६० मिलीव्होल्टला करंट दसपट होतो. १८ मिलीव्होल्टला दुप्पट. एमिटर जमिनीला ठेवून बेसला प्रीसेटने (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायच्या रेझिस्टरने) व्होल्ट ‘सेट’ करू पाहणारे लोक म्हणूनच दर दुपारी पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेले दिसतात.

उलट एमिटरला ३ व्होल्ट दिले तर आणखी पक्कं होईल, पण ९ व्होल्टमधले ३ तिथंच गेले. सिग्नलला हलायला जागा कमी. १ व्होल्ट हा बॅटरीवरच्या सर्किटचा रोजच्या वापरातला सौदा आहे. २४ व्होल्टवर काम करत असाल तर मी २-३ व्होल्ट देतो.

जर्मेनियमच्या जमान्यात हे प्रकरण फार नाजूक होतं. घरी आजोबांचा एसी१२८ वाला रेडिओ असेल तर उघडून बघा. आउटपुटच्या जोडीजवळ बायसच्या वाटेत एक थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) सापडण्याची बरीच शक्यता आहे. जर्मेनियमला ०.२ व्होल्टच लागतात आणि गळती करंट मोठा, तोही गरमीने झपाट्याने वाढणारा. थर्मिस्टर तापला की बायस उतरवायचा. त्या रेडिओत एसी१२८ च्या जागी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर ठोकून ‘चालत नाही’ म्हणणारे मला आजही भेटतात. ०.२ वर जुळवलेल्या सर्किटला ०.६५ मागणारा पाहुणा कसा चालेल?

बायस बसला, आता गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते. एमिटरचा १ के तसाच ठेवलात तर गेन ३.९ भागिले १, जेमतेम चार. म्हणून त्याच्यावर कपॅसिटर टाकतात. डीसीला १ के दिसतो, सिग्नलला तो दिसत नाही. मग सिग्नलपुरता उरतो तो ट्रान्झिस्टरच्या आतला एमिटर रेझिस्टन्स, २५ भागिले मिलीअँप, इथं सुमारे २७ ओहम. गेन एकदम १४५. ऐकायला छान, पण ते २७ ओहम करंटवर अवलंबून असतात, आणि सिग्नल तोच करंट हलवत असतो. ५ मिलीव्होल्ट शिखराच्या सिग्नललाही दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेची भेसळ) पाच टक्क्यांच्या घरात जातो. जोरात बोललात की कर्कश. मी १ के च्या जागी १०० ओहम आणि ८२० ओहम मालिकेत लावतो, ८२० वर १०० मायक्रोफॅरड. डीसीला ९२०, म्हणजे बायस जवळजवळ तोच, करंट १ मिलीअँप. सिग्नलला १२५. गेन ३१, आणि तो ट्रान्झिस्टर बदलल्याने हलत नाही. १०० ओहम एमिटरकडे ठेवा, ८२० ग्राउंडकडे. कपॅसिटरचा मायनस खाली. गेन आणखी हवा असेल तर दुसरी स्टेज लावा, एकाच ट्रान्झिस्टरला पिळू नका.

अजून एक बारीक गोष्ट, जी कलेक्टरचं व्होल्टेज बरोबर असूनही त्रास देते. पुढची स्टेज १० के ची असेल तर सिग्नलला ३.९ के दिसत नाही, दोघांचं समांतर म्हणजे २.८ के दिसतं. वरच्या दिशेने जाताना ट्रान्झिस्टर जास्तीत जास्त काय करू शकतो? आपला १ मिलीअँप शून्यावर आणू शकतो. म्हणजे १ गुणिले २.८, फक्त २.८ व्होल्ट वर. तुम्ही ३.९ धरून बसला होतात. स्कोपवर वरचं टोक आधी कापलेलं दिसतं आणि लोक बायस हलवत बसतात. बायसच्या बाजूने उपाय म्हणजे करंट थोडा वाढवून कलेक्टर रेझिस्टर कमी करणे; नाहीतर मधे एमिटर फॉलोअर (व्होल्ट न वाढवता फक्त करंटची ताकद देणारी स्टेज). माइकच्या प्रीअँपमध्ये मात्र याची काळजी नको. ५ मिलीव्होल्ट गुणिले ३१, दीडशे मिलीव्होल्ट. एवढ्याशा सिग्नलला कलेक्टर ४ वर असो की ६ वर, फरक पडत नाही. दशांश बरोबर आणण्यासाठी प्रीसेट लावू नका. प्रीसेट लावला की तो एक दिवस खरखरतो.

आता ७४१ कडे. तुम्ही प्लस इनपुटला १ मायक्रोफॅरडमधून सिग्नल दिलात, मायनसला १०० के आणि १० के ने गेन ११ ठेवलात. कागदावर सगळं बरोबर. पण प्लस इनपुटच्या पायाला कपॅसिटरशिवाय दुसरं काहीच जोडलेलं नाही. ऑप-अँपचे इनपुट करंट घेत नाहीत हे वर्गात शिकवलेलं अर्धसत्य आहे. ७४१ च्या आत त्या पायाला एका एनपीएन ट्रान्झिस्टरचा बेस आहे आणि त्याला बायस करंट लागतो, साधारण ८० नॅनोअँप, डेटाशीटची वरची मर्यादा ५००. हा करंट यायचा कुठून? दुसरी वाट नाही, म्हणून तो कपॅसिटरमधून ओढला जातो आणि कपॅसिटर हळूहळू चार्ज होत जातो. ८० नॅनोअँप भागिले १ मायक्रोफॅरड, सेकंदाला ०.०८ व्होल्ट, खालच्या दिशेने. आउटपुटला ते अकरापट, सेकंदाला ०.८८. मायनस ९ च्या बॅटरीवर ७४१ साधारण मायनस साडेसातपर्यंत जातो. भागून बघा: साडेआठ सेकंद. तुमचे सात-आठ सेकंद हेच. स्क्रू-ड्रायव्हरने पाय ग्राउंडला टेकवलात की तो पाय पुन्हा शून्यावर येतो आणि घड्याळ नव्याने सुरू होतं. प्रश्नात ती ओळ लिहिलीत म्हणून निदान एका मिनिटात झालं, नाहीतर मी आधी बॅटऱ्याच विचारल्या असत्या.

उपाय एक रेझिस्टर. प्लस इनपुटवरून ग्राउंडला १०० के. ८० नॅनोअँप गुणिले १०० के म्हणजे ८ मिलीव्होल्ट. पण ते गेनने अकरापट होतील, शिवाय ७४१ चा स्वतःचा ऑफसेट (इनपुटची अंगभूत चूक) काही मिलीव्होल्टचा. म्हणून मायनसकडचा तो १० के थेट ग्राउंडला न नेता १० मायक्रोफॅरडमधून न्या. आता डीसीला गेन १, सिग्नलला ११. इनपुटला ८ मिलीव्होल्टची चूक असेल तर आउटपुटलाही ८ मिलीव्होल्टचीच. इथं मजा बघा: एमिटरच्या ८२० ओहमवर जो कपॅसिटर टाकला, त्याचंच हे भावंड आहे. डीसीला गेन दाबून ठेवायचा, सिग्नलला मोकळा सोडायचा.

७४१ चा फार बाऊ करू नका असंही सुचवेन. डेव्ह फुलागर यांनी फेअरचाइल्डमध्ये केलेली ही आयसी १९६८ ची. प्रयोगशाळेच्या वहीत ती अजून आहे म्हणून दुकानातही आहे. जेफेट (जवळजवळ करंट न घेणारा ट्रान्झिस्टर) इनपुटची टीएल०७२ घेतलीत तर बायस करंट पिकोअँपमध्ये, तिथं १०० के च्या जागी १ मेग बिनधास्त लावता येतो. रेझिस्टर मात्र तिथंही लागतोच. करंट कमी म्हणून आठ सेकंदांऐवजी बऱ्याच वेळानं गप्प होईल, एवढाच फरक. आणि मग दोष शोधणं जास्त अवघड.

दोन बॅटऱ्या नको असतील, एकावरच चालवायचं असेल, तर ऑप-अँपला एक खोटं ग्राउंड द्यावं लागतं. दोन १०० के चा डिव्हायडर, मधल्या टोकावरून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड, आणि त्या टोकावरून आणखी १०० के प्लस इनपुटला. तो शेवटचा १०० के विसरू नका. मधलं टोक थेट इनपुटला जोडलंत तर तो १० मायक्रोफॅरड तुमचा सिग्नलही ग्राउंडला ओतून टाकेल. आणि कपॅसिटर वाचवायला गेलात तर अॅडॉप्टरचा १०० हर्ट्झचा हम निम्मा होऊन थेट इनपुटला येतो आणि पुढं गेनने वाढतो. मग माइक न लावताही घूंऽऽ. मायनसकडचा १० के इथं कपॅसिटरमधूनच ग्राउंडला गेला पाहिजे. थेट नेलात तर इनपुटचे साडेचार व्होल्ट अकरापट व्हायला बघतील, आउटपुट जाऊन वरच्या छताला चिकटेल. एका बॅटरीवर ‘आउटपुट नेहमी आठ व्होल्ट’ असं कुणी सांगितलं की मी आधी हाच कपॅसिटर विचारतो.

एका बॅटरीवर मी एलएम३५८ वापरतो, पण तिच्या दोन खोडी माहीत असाव्यात. आउटपुट खाली जवळजवळ शून्यापर्यंत जातं, वर मात्र सप्लायपेक्षा दीड व्होल्ट अलीकडेच थांबतं. ९ व्होल्टवर म्हणजे ० ते ७.५. मध्य कुठं? ३.७५. पुन्हा तेच, निम्मे म्हणजे मध्य नव्हे. वर १०० के, खाली ६८ के लावलेत की ३.६ व्होल्ट मिळतात, पुरेसं जवळ. मोठा सिग्नल लागत असेल तरच हे करा. दुसरी खोड म्हणजे हिच्या आउटपुटला क्रॉसओव्हरची (वरचा आणि खालचा ट्रान्झिस्टर अदलाबदल करतानाची) खरखर असते, बारीक आवाजात वाळू चावल्यासारखी ऐकू येते. आउटपुटवरून ग्राउंडला ४.७ के टाका. त्यातून सतत पाऊण-एक मिलीअँप वाहत राहतो, वरचाच ट्रान्झिस्टर कायम कामावर राहतो, अदलाबदल होतच नाही. म्हणजे आयसीच्या आतल्या आउटपुट स्टेजचा बायस तुम्ही बाहेरून बदललात. पंधरा पैशांच्या रेझिस्टरने एवढा फरक पडतो हे ऐकल्याशिवाय पटत नाही.

पुढं कधी पॉवर अँप्लिफायर करणार असाल म्हणून एक किस्सा. नवरात्रात एका मंडळाचा अँप्लिफायर माझ्याकडे आला. पहिला तास उत्तम, मग फ्यूज. आउटपुटची जोडी बदलली, पुन्हा एक तास, पुन्हा फ्यूज. आधीच्या कारागिराने तीन जोड्या घातल्या होत्या. उघडून पाहिलं तर बायसचा बीडी१३९ हीटसिंकला कसलेला हवा, तो पीसीबीवर हवेत उभा. स्क्रूचं भोक रिकामं, अभ्रकाचा तुकडा तळाला पडलेला. त्या ट्रान्झिस्टरचं काम आउटपुटच्या जोडीला दोन जंक्शनएवढे व्होल्ट देण्याचं आणि हीटसिंक तापला की स्वतःही तापून ते व्होल्ट उतरवण्याचं. हवेत राहिल्यावर त्याला कळणार कसं? हीटसिंक ४० अंशांनी तापला की प्रत्येक जंक्शन ८० मिलीव्होल्ट कमी मागतं, हा मात्र जुनेच व्होल्ट देत राहतो. वर सांगितलेला ६० मिलीव्होल्टला दसपटीचा हिशेब आठवा. स्वस्थ असतानाचा करंट वाढतो, त्याने हीटसिंक आणखी तापतो, त्याने करंट आणखी. गाणं बंद असतानाही ट्रान्झिस्टर उकळत असतात. मी स्क्रू कसला, प्रीसेट सगळ्यात कमी बायसवर नेला, मेनच्या वायरीत १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घालून चालू केलं. मग ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर मीटर लावून साडेपाच मिलीव्होल्ट येईपर्यंत प्रीसेट फिरवला, म्हणजे २५ मिलीअँप. अर्धा तास तापू दिलं, पुन्हा बघितलं. जाता जाता तो प्रीसेट बीडी१३९ च्या बेस-एमिटरच्या बाजूला हलवला. तिथं असला की घासून त्याची पट्टी सुटली तरी बायस कमी होतो, वाढत नाही. दुसऱ्या बाजूला असता तर पट्टी सुटल्या क्षणी चौथी जोडी गेली असती.

तर आता उद्याचं काम. ब्रेडबोर्डवर ६८ के, १५ के, ३.९ के, ८२० आणि १०० लावा. बीसी५४७ ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पीएन२२२२ ची सवय असेल तर हे नेमकं उलटं आहे. माइक न लावता तीन व्होल्टेज घ्या: एमिटर ०.९ ते १, बेस त्याच्यापेक्षा ०.६ ते ०.७ वर, कलेक्टर ५ च्या आसपास. बेस-एमिटरमध्ये एक व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर ते जंक्शन उघडं आहे किंवा एमिटरचा पाय ब्रेडबोर्डमध्ये नीट बसलेला नाही. कलेक्टरला पूर्ण नऊ असतील तर करंट वाहतच नाही. आधी १५ के च्या जागी चुकून १.५ के लागला नाही ना बघा, तपकिरी-हिरवा-नारिंगी आणि तपकिरी-हिरवा-लाल पिवळ्या बल्बखाली सारखेच दिसतात. कलेक्टर आणि एमिटर एकाच व्होल्टेजवर असतील तर ट्रान्झिस्टर सॅच्युरेट आहे किंवा आतून शॉर्ट. हे जमलं की दुसऱ्या पाकिटातले दोघं आळीपाळीने घाला आणि तिन्ही आकडे पुन्हा लिहा. मग माइकला प्लसवरून ४.७ के द्या, कारण त्या इलेक्ट्रेट माइकच्या कॅप्सूलच्या आतही एक जेफेट बसलेला आहे आणि त्यालाही त्याचा बायस हवा असतो. माइकच्या टोकावर ५ ते ८ व्होल्टच्या मधे काहीतरी दिसलं की १ मायक्रोफॅरडमधून बेसला जोडा, प्लस माइककडे.

आणि तो पाय तुटलेला पहिला ट्रान्झिस्टर टाकला नसेल तर ठेवा. बुंध्याशी जराही धातू दिसत असेल तर बारीक कानशीने प्लास्टिक थोडं घासा, फ्लक्स लावून रेझिस्टरच्या पायाचा तुकडा झटकन चिकटवा. माझ्या बेंचवरच्या एका टेस्ट अँप्लिफायरमध्ये असाच एक लंगडा कित्येक वर्षं चालतोय.